पक्ष आणि संसद बळकट करणारी परदेशी मदत : घेणाऱ्याच्या बाजूने परीक्षण

या सेवेची गंमत अशी की पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसराच. त्यामुळे वापरणाऱ्याचे मत कुणी विचारत नाही आणि अहवालात ‘इतके कार्यकर्ते प्रशिक्षित’ हा रकाना भरला की काम फत्ते. इथे पारख केली आहे ती पक्ष कार्यालय, संसद सचिवालय आणि अल्पसंख्य गटांच्या संघटना यांच्या बाजूने.

आधी पुरवठादार कोण ते पाहू. अमेरिकेच्या एनडीआय (नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट) आणि आयआरआय (इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूट) या दोन्ही संस्था १९८३ च्या. पहिलीची जवळीक डेमोक्रॅटिक पक्षाशी, दुसरीची रिपब्लिकनांशी. मदत मात्र एकाच पक्षाला नाही, सगळ्या लोकशाहीवादी पक्षांना सारखी द्यायची, हे त्यांचे जाहीर धोरण. जर्मन फाउंडेशनांचा रिवाज उलटा आहे. कोनराड आडेनॉवर फाउंडेशन सीडीयू या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या विचारांचे, फ्रीडरिश एबर्ट फाउंडेशन एसपीडी या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या. पैसा जर्मन सरकारचा, पण परदेशात ते आपल्या विचारांच्या जवळचे पक्ष आणि संघटना शोधतात, कार्यालय थाटतात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. ब्रिटनचे वेस्टमिन्स्टर फाउंडेशन (१९९२) संसदेबरोबर काम करते, शिवाय ब्रिटिश पक्षांना आपापल्या समविचारी पक्षांसाठी निधी देते. नेदरलँड्सच्या एनआयएमडी या बहुपक्षीय लोकशाहीसाठीच्या संस्थेचा (२०००) भर भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवण्यावर.

सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे कार्यशाळा, आणि सगळ्यात हलका मालही तोच. दोन-तीन दिवस हॉटेलचे सभागृह, प्रचाराचा मुद्दा कसा ठरवायचा, घरोघरी संपर्काची यादी कशी करायची, देणग्यांचा हिशेब कसा ठेवायचा, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहफोटो. मजकूर वाईट नसतो. अडतं ते माणसांच्या निवडीवर. पक्ष ज्यांना पाठवतो ते बहुधा जिल्ह्यातले उत्साही तरुण किंवा महिला आघाडीच्या पदाधिकारी असतात. तिकीट वाटणारे सरचिटणीस फक्त उद्‍घाटनाला येऊन भाषण करून जातात. त्यात सर्व पक्ष एकाच सभागृहात असले की कुणी आपली खरी अडचण बोलत नाही. शेजारी विरोधी पक्षाचा माणूस वही उघडून बसलेला असतो! एकेका पक्षाला वेगळे बसवले तर काम खोलात जाते, पण पक्षपाताचा आरोप ठरलेलाच. जर्मन पद्धत इथे सरस वाटते. कारण पुढच्या महिन्यातही तोच माणूस त्याच कार्यालयात भेटतो.

संसदेच्या बाबतीत चित्र बरे आहे. अट एकच : मदत सदस्यांपेक्षा सचिवालयाकडे जायला हवी. निवडणुकीनंतर अर्धे बाक नव्या चेहऱ्यांनी भरतात आणि सदस्यांना दिलेले प्रशिक्षण जुन्यांबरोबर घरी जाते. समितीचा कारकून, संशोधन अधिकारी, अर्थसंकल्पाचा विश्लेषक ही मंडळी टिकतात. युगांडाने २००१ च्या बजेट कायद्याने संसदेचे स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय उभे केले. कायद्यात नाव, आस्थापनेवर मंजूर पदे आणि पगार संसदेच्या खात्यातून, एवढे जमले की बाहेरचा सल्लागार निघून गेला तरी चूल पेटती राहते. याउलट विधेयकांचा मागोवा घेणारी संकेतस्थळे. प्रकल्प चालू असेपर्यंत ती झकास दिसतात. सर्व्हरचे भाडे थांबले, की शेवटची नोंद तीन अधिवेशनांपूर्वीची! करार करतानाच पुढच्या देखभालीचा पैसा आणि माणूस कुणाचा हे लिहून घ्यावे.

आता अल्पसंख्य आणि वंचित गट. इथे प्रशिक्षणापेक्षा नियम भारी ठरतो, आणि नेपाळ हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१५ च्या संविधानानुसार प्रतिनिधी सभेत २७५ जागा : १६५ मतदारसंघातून थेट, ११० प्रमाणबद्ध यादीतून, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याच्या उमेदवार यादीतून. यादीसाठी गटवार टक्के ठरलेले आहेत : खस आर्य (पहाडी उच्चवर्णीय) ३१.२, आदिवासी जनजाती २८.७, मधेशी (दक्षिणेकडच्या तराईतले) १५.३, दलित १३.८, थारू (तराईतलाच एक आदिवासी समाज) ६.६, मुस्लिम ४.४. शिवाय संघीय संसदेतल्या प्रत्येक पक्षाच्या एकूण सदस्यांत किमान एकतृतीयांश महिला हव्यात. थेट निवडणुकीतून कमी पडल्या तर यादीतून भरायच्या.

निकाल पाहा. २०२२ मध्ये सभागृहात ९१ महिला पोहोचल्या, पण थेट जिंकलेल्या फक्त ९. त्याआधी २०१७ मध्ये ६. म्हणजे नियमाने जागा दिली, पक्षाने तिकीट दिले नाही. उमेदवार महिलांना कितीही भाषणकला शिकवली तरी हा आकडा हलत नाही, कारण निर्णय ज्या बैठकीत होतो तिथे त्या नसतात. स्थानिक पातळीवर तर पळवाट कायद्यातच आहे. एखाद्या पक्षाने पालिकेचे प्रमुख आणि उपप्रमुख अशी दोन्ही पदे लढवली तर एक उमेदवार महिला हवी. आघाडी केली, एका पक्षाने प्रमुखपद घेतले, दुसऱ्याने उपप्रमुखपद, की दोन्हीकडे पुरुष उभे! २०२२ मध्ये हेच झाले आणि महिला उपप्रमुखांचे प्रमाण २०१७ पेक्षा घसरले. मदत करणाऱ्यांनी कार्यशाळांचा निम्मा पैसा या एका कलमाच्या दुरुस्तीमागे लावला असता तर जास्त पदरात पडले असते.

युरोपातल्या कोसोवोच्या संसदेत १२० जागांपैकी २० राखीव आहेत : १० सर्बांसाठी, १० इतर समुदायांसाठी. राखीव जागांची हमी पक्की. मात्र त्या भरणारे पक्ष छोटे असतात, त्यांना कार्यालयीन मदत आणि कायद्याचा मसुदा वाचणारा माणूस लागतो. मदत खरी उपयोगी पडते ती इथे.

जोखीमही मोजायला हवी, कारण तिची किंमत स्थानिक कर्मचारी चुकवतात. इजिप्तमध्ये डिसेंबर २०११ मध्ये एनडीआय, आयआरआयच्या कार्यालयांवर छापे पडले, जून २०१३ मध्ये विविध संस्थांच्या ४३ जणांना शिक्षा झाली आणि निर्दोष सुटकेला २०१८ उजाडले. रशियाने २०१६ मध्ये या दोन्ही संस्थांना ‘अवांछित’ ठरवले, म्हणजे देशात काम करायला बंदी घातली, कंबोडियाने २०१७ मध्ये एनडीआयला देशाबाहेर काढले. आणि जानेवारी २०२५ मध्ये धोका उलट्या दिशेने आला. अमेरिकेनेच परदेशी मदत गोठवली आणि चालू कामे अर्ध्यावर लटकली. म्हणून एकाच दात्यावर पगार अवलंबून असलेली पदे निर्माण करू नयेत.

प्रस्ताव समोर आला तर प्रशिक्षणार्थी कोण निवडणार आणि तिकीट वाटणारे त्यात आहेत का, हे आधी विचारा. सहा महिन्यांनी परत कोण येणार, यशाचे माप हजेरीपट की उमेदवारी यादीतली नावे, हेही स्पष्ट करून घ्या. उत्तरे गोलमोल आली तर कार्यशाळेचे जेवण तेवढे घ्यावे. आमचे गुण पाचपैकी : सचिवालयाच्या मदतीला चार, नियमबदलाच्या सल्ल्याला साडेतीन, कार्यशाळांना दीड.