फूड ॲलर्जीची जीवनमान प्रश्नावली: नाशिकच्या ताटापुढे कितपत टिकते?

त्वचेवरची प्रिक टेस्ट (सुईने हलकं टोचून केलेली तपासणी) आणि रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) यांवरून शेंगदाणा सोसतो की नाही याचा अंदाज येतो. पण त्या शेंगदाण्यापायी घरातली माणसं लग्नाच्या पंगती टाळायला लागली आहेत का, हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही. ते मोजण्यासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे 'फूड ॲलर्जी क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर', थोडक्यात एफएक्यूएलक्यू.

युरोप्रिव्हॉल या युरोपीय प्रकल्पातून ही प्रश्नावली तयार झाली. तिचे नमुने चार आहेत: ८ ते १२ वर्षं, १३ ते १७, १८ च्या पुढचे, आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पालकांनी भरायचा. प्रौढांच्या नमुन्यात २९ प्रश्न, पालकांच्या नमुन्यात ३०. मुलाचा आणि आईचा कागद एकाच वेळी भरून घ्या, पण दोन्हींची सरासरी काढू नका. दोघांचा त्रास वेगळा असतो आणि आकडेही वेगळे यायचेच.

घोळ होतो तो गुण काढताना. प्रत्येक उत्तराला ० ते ६ अशा सात पायऱ्या असतात. बेरजेआधी प्रत्येकात १ मिळवायचा, मग जेवढ्या प्रश्नांची उत्तरं दिली तेवढ्यांनी भागायचं. १ म्हणजे त्रास नाही, ७ म्हणजे टोकाचा. आता ०.५ चा फरकसुद्धा अर्थपूर्ण धरतात. त्यामुळे मागच्या वेळी १ मिळवला आणि या वेळी विसरला, तर काहीही न बदलता पेशंट पूर्ण एका गुणाने 'सुधारतो'. फाइलवर '१ ते ७' असं ठळक लिहून ठेवा. दर पाचांत एकाहून जास्त प्रश्न कोरे असतील तर सरासरी काढूच नये. शिवाय तोंडी विचारलं की सात पायऱ्यांच्या तीन होतात: नाही, थोडा, लई. म्हणून पायऱ्यांचं छापील कार्ड हातात द्यावं.

लेबल वाचणं, बाहेर खाणं, पाहुण्यांकडे नाही म्हणणं यांवरचे प्रश्न इथेही चपखल बसतात. उणीव आहे ती सुट्या खाण्याची. भारतातल्या पाकीटबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडं, सोया, गव्हासारखी धान्यं जाहीर करणं बंधनकारक आहे. हरभरा आणि तीळ मात्र त्या यादीत नाहीत. नाशिकच्या मिसळीतली शेव बेसनाची, आणि ती येते सुटी, लेबलाशिवाय. उपवासाचं तर विचारूच नका! श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला खिचडी घ्या, साबुदाणा वडा घ्या किंवा वरईसोबतची आमटी, दाण्याचा कूट चुकत नाही. धर्मशास्त्राला चालणारं शेंगदाण्याच्या ॲलर्जीला चालत नाही, आणि प्रसाद नाकारताना जी पंचाईत होते तिच्यासाठी स्वतंत्र प्रश्न नाही.

म्हणून प्रसाद, उपवास, फरसाण, सामायिक कढई यांवर चार-पाच प्रश्नांचं पुरवणी पान जोडावं. मात्र त्याचे गुण मूळ सरासरीत मिसळले, तर इतरांच्या आकड्यांशी तुलना संपलीच. मूळ प्रश्नांचं मराठी रिसेप्शनवर तोंडी करून घेऊ नये. भाषांतर, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत), मग काही पेशंटना वाचायला देऊन समजलं का ते पाहणं, ही पायरी वगळता येत नाही.

दूध पचत नाही किंवा पित्त होतं म्हणून आलेल्यांना ही प्रश्नावली देण्यात अर्थ नाही. आधी ॲलर्जीचं निदान पक्कं हवं. उपचार किंवा फूड चॅलेंज (डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन पाहणं) करायचं असेल तर त्याआधी एकदा आणि नंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावी.

सोबत येणारं 'फेम' हे छोटं परिमाण वगळू नका. चुकून खाल्लं जाण्याची, जोरदार रिअॅक्शन येण्याची, जीव जाण्याची शक्यता किती वाटते, आणि तसं झाल्यास आपल्याला निभावता येईल का, असं ते सरळ विचारतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाईट टोकाला असेल, तर बाकी बेरीज नंतर करा. आधी घरात ॲड्रेनॅलिनचं (जोरदार रिअॅक्शनवरचं तातडीचं) इंजेक्शन आहे का, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कोण टोचणार आणि रात्री जवळचं कोणतं हॉस्पिटल उघडं असतं, हे कागदावर लिहून द्या.