बीपीची गोळी सोडवून देतो म्हणणाऱ्या सुयावाल्यांपासून सांभाळा

बीपीसाठी ॲक्युपंक्चरचं पॅकेज घ्यायचं कुणाच्या डोक्यात असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझ्या बाबांना यात पद्धतशीर गंडवलंय.

सुयांचा त्रास काही झाला नाही, खरी चलाखी बीपीच्या मशीनपाशी होती. माणूस जिना चढून धापा टाकत आला की लगेच स्टुलावर बसवायचं, पाठीला टेकू नाही, हात खाली लोंबतोय, असिस्टंटची बडबड चालू आणि त्यातच पट्टा गुंडाळून रीडिंग घ्यायचं. मग ते जास्तच येणार ना! नंतर अर्धा तास मंद लाईटमध्ये आडवं करून सुया, आणि उठायच्या आत पडल्यापडल्याच दुसरं रीडिंग. फाईलवर पहिला आकडा लाल पेनने, दुसरा हिरव्याने. बाबा खूश. अहो, सुया न टोचता नुसतं पडून राहिले असते तरी उतरलंच असतं की थोडं.

मग दुसरा डाव. "गोळ्यांनी किडनी जाते काका, बंद करा" म्हणून बाबांची बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन, सोडायला लावली. (किडनी जाते ती वाढलेल्या बीपीने, हे कोण सांगणार!) आता ही गोळी अंगातून हळूहळू उतरते, बंद केल्यावरही काही दिवस असर राहतो, त्यामुळे सुरुवातीला घरच्या मशीनवर पण आकडे बरे दिसले आणि सगळं श्रेय सुयांना गेलं. त्याच भरात मोठं पॅकेज ॲडव्हान्स भरून झालं. पुढे डोकं जड व्हायला लागलं म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं तर वरचं बीपी 180 च्या पुढे! डॉक्टर म्हणाले नशीब ही गोळी होती, बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या अशा एकदम तोडल्या असत्या तर बीपी याहून उसळू शकलं असतं.

तिथे भिंतीवर जर्मनीतल्या 2007 च्या संशोधनाची फ्रेम होती, 160 पेशंट, 6 आठवड्यांत 22 सेशन्स, बीपी उतरलं वगैरे. मी घरी येऊन पूर्ण वाचलं. उतरलं होतं ते साधारण 5-6 पॉइंट, आणि सुया थांबवल्यावर 3 महिन्यांनी परत जिथल्या तिथे. हा भाग फ्रेममध्ये मावला नसावा बहुतेक. अमेरिकेत 192 जणांवर केलेला प्रयोग 2006 मध्ये छापून आला, त्यात खऱ्या सुया आणि मुद्दाम भलत्याच जागी टोचलेल्या सुया यांत फरकच पडला नाही, तो तर भिंतीवर नव्हताच.

जायचंच असेल तर स्वतःचं मशीन न्या, आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला ठेवा, आणि सुयांच्या आधी नि नंतर दोन्ही वेळा असंच मोजा. गोळीला हात लावायचा तर ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारूनच. आणि पावतीवर काय लिहिलंय ते बघा, आमच्या पावतीवर ट्रीटमेंट हा शब्दच नाही, "वेलनेस मेंबरशिप, नॉन रिफंडेबल" लिहिलंय. पैसे मागायला गेलो तर वर म्हणतात, उरलेली सेशन्स तुमच्या नावावर ट्रान्सफर करून देऊ का?