रेस्क्युझिला : घरच्या संगणकाची पूर्ण इमेज घेणारे मोफत सॉफ्टवेअर

बेळगाव परिसरात घरी बसून डीटीपीचे (संगणकावर छपाईची मांडणी करण्याचे) काम करणाऱ्यांच्या संगणकावर दोन भाषा एकत्र नांदत असतात. आमच्या शहापूरच्या घरी पत्नी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल तयार करते. सोयरीक गोकाक-बैलहोंगलकडची असली की तीच पत्रिका मराठीबरोबर कन्नडमध्येही करून द्यावी लागते. त्यामुळे मराठी टंकनासाठी श्रीलिपी, कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेने तयार केलेले नुडी, मांडणीसाठी कोरलड्रॉ आणि ग्राहकांनी वेळोवेळी आणून दिलेले कितीतरी फाँट एकाच विंडोजवर बसवलेले आहेत. यांतील बरेचसे फाँट युनिकोडच्या (सर्व भाषांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेताच्या) आधीच्या पद्धतीचे आहेत. नेमका तो फाँट संगणकावर नसेल तर कन्नडमधील वधू-वरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणूनच अशा घरात केवळ फाइली दुसरीकडे उतरवून ठेवणे पुरेसे नसते. विंडोज, फाँट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची जुळवणी आणि परवाने हे सगळे जसेच्या तसे परत मिळाले, तरच दुसऱ्या दिवशी काम सुरू होते.

डिस्क इमेजिंग नेमके हेच करते. हार्ड डिस्कवरील सर्व विभाग (पार्टिशन), संगणक सुरू करणारा बूटचा भाग धरून, एका संचात म्हणजे इमेजमध्ये उतरवले जातात आणि गरज पडेल तेव्हा तो संच नव्या डिस्कवर ओतता येतो. विंडोजमध्ये अशी सोय आहे. परंतु मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती पुढे विकसित न होणाऱ्या सुविधांच्या यादीत टाकली आणि अन्य कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. बरीच वर्षे लोकप्रिय असलेली मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्तीही बंद झाली असून तिच्यासाठीच्या सुरक्षा दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ पर्यंतच होत्या. मोफत आणि मुक्त स्रोताच्या पर्यायांत क्लोनझिलाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. तैवानमध्ये विकसित झालेले हे सॉफ्टवेअर अत्यंत भरवशाचे आहे, पण त्याचा निळ्या-करड्या रंगाचा, बाणांच्या कळांनी चालवायचा पडदा आणि एकामागून एक येणारे तांत्रिक प्रश्न पाहून घरातील दुसरे कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

रेस्क्युझिलाचे महत्त्व मला इथे वाटते. रेडो बॅकअप या बंद पडलेल्या प्रकल्पातून २०१९ मध्ये ते नव्याने उभे राहिले. आतील यंत्रणा क्लोनझिलाप्रमाणेच पार्टक्लोन या प्रोग्रामची असल्याने त्याने घेतलेली इमेज क्लोनझिलाला उघडता येते आणि क्लोनझिलाची इमेज यालाही चालते. उद्या यांपैकी एक प्रकल्प थांबला तरी आपला बॅकअप अडकून पडत नाही, आणि हा गुण मी सर्वांत वरचा मानतो.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. संकेतस्थळावरून मिळणारी फाइल पेनड्राइव्हवर बूट होईल अशा पद्धतीने लिहायची, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा (डेल व लेनोव्होच्या बऱ्याच संगणकांत त्यासाठी एफ-१२ ही कळ असते, एचपीमध्ये एफ-९) आणि समोर बॅकअप, रिस्टोअर, क्लोन, इमेजची पडताळणी अशी मोठी बटणे दिसू लागतात. बॅकअप निवडल्यावर कोणती डिस्क, तिचे कोणते विभाग, इमेज कुठे ठेवायची, तिला नाव काय द्यायचे, हे रेस्क्युझिला क्रमाने विचारते. प्रत्येक डिस्कसमोर तिची क्षमता आणि मॉडेल लिहिलेले असते, तेव्हा आतली कोणती आणि बाहेरून जोडलेली कोणती हे ओळखता येते. रिस्टोअर करताना मात्र ही ओळ दोनदा वाचलीच पाहिजे, कारण निवडलेल्या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. पाचशे जीबीच्या डिस्कवर दीडशे जीबी भरलेले असेल तर इमेज तेवढ्याच भागाची घेतली जाते आणि तीही दाबून लहान केली जाते.

एक काळजी आधी घ्यावी लागते. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप चालू असेल तर संगणक बंद केला तरी तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि विंडोजचा विभाग (एनटीएफएस पद्धतीचा) अर्धवट अवस्थेत राहतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केल्यास तो पूर्ण बंद होतो. त्यानंतरच इमेज घ्यावी. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद करण्याची सोय) लावलेल्या विभागाची इमेज वापरलेली आणि रिकामी जागा वेगळी न करता सरसकट घेतली जाते. त्यामुळे ती भली मोठी होते आणि वेळही फार जातो.

आमच्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली, तेव्हा या सॉफ्टवेअरची खरी कसोटी लागली. इमेज ओतून संगणक सुरू केल्यावर विंडोजने परवाना मागितला नाही, कारण मदरबोर्ड तोच होता. नुडीतील जुनी पत्रिका उघडली तर अनुस्वार, ओत्ताक्षरे (कन्नड जोडाक्षरांत खाली लिहिली जाणारी अक्षरे) सगळे जागच्या जागी होते. श्रीलिपीचे यूएसबीला लावायचे डाँगल (परवान्याची छोटी कळ) वेगळे जपावे लागते, कारण कोणत्याही इमेजमध्ये ते येत नाही. नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा त्याहून मोठी असावी लागते. एक टीबीची हार्ड डिस्क काढून ४८० जीबीची एसएसडी बसवणाऱ्यांनी इमेज घेण्याआधीच विभाग आक्रसून घ्यावेत. त्यासाठीचे जीपार्टेड हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर सोबतच मिळते.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. प्रत्येक वेळी संपूर्ण इमेज नव्याने घ्यावी लागते. मागच्या वेळेनंतर बदललेला भागच तेवढा घेण्याची सोय नाही. ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप होत नाही, आणि तो चालू असताना संगणक दुसऱ्या कामाला मिळत नाही. लग्नसराईत हे फार जाचते. इमेजमधून एखादीच फाइल काढण्याची सोय आहे, पण ती अजून बीटा म्हणजे चाचणीच्या अवस्थेत असल्यामुळे तिच्यावर विसंबू नये. इमेजला पासवर्ड लावता येत नसल्याने बाहेरची डिस्क कुलपात ठेवणे आले. ज्यांना काम न थांबवता रोजचा बॅकअप हवा आहे त्यांनी वीम या कंपनीच्या बॅकअप सॉफ्टवेअरची विंडोजसाठीची मोफत आवृत्ती पाहावी; ती विंडोजच्या आतच चालते आणि बदललेला भागच साठवते.

आमच्याकडे मी दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. चालू कामाच्या फाइली पत्नी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवते, आणि इमेज मात्र नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी, विंडोजची आवृत्ती बदलण्याआधी आणि एप्रिलमध्ये वळीव सुरू होण्याच्या सुमारास घेतली जाते, कारण त्या दिवसांत कडकडाटाबरोबर वीज जाते-येते आणि जुन्या डिस्कना ते सोसत नाही. घेतलेली इमेज पडताळणीचे बटण दाबून लगेच तपासली जाते. तिची एक प्रत घरी राहते आणि दुसरी कोल्हापूरला मेहुण्यांकडे जाते. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने आपल्या भागातील अनेक घरांत सध्या विंडोज ११ वर जाण्याची घाई चालली आहे. ज्यांच्याकडे जुने भाषिक फाँट आणि परवाने आहेत त्यांनी त्याआधी एक बाहेरची डिस्क विकत घ्यावी आणि सुटीच्या दिवशी हे काम उरकावे. सॉफ्टवेअरला एक पैसाही लागत नाही. खर्च त्या डिस्कचा तेवढा आहे.