लेझर की इंजेक्शन?

बाबांच्या डोळ्यात, पडद्यावर, शुगरमुळे नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या. लेझरमध्ये पडद्याच्या कडेकडेला साधारण 1200 ते 1600 बारीक डाग देतात. दोन-तीन वेळा बसलं की बहुतेक काम होतं आणि परिणाम टिकतो. पण कडेची आणि रात्रीची नजर थोडी उणावते. बाबा अंधार पडल्यावर नागपुरात बर्डीहून महाल भागात स्कूटरने येतात, तिथेच आम्ही अडलो.

डोळ्यात देतात त्या इंजेक्शनने कडेची नजर जास्त शाबूत राहते. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर आधी तेच. मात्र सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं, आणि मध्येच सोडलं तर दुखणं जोरात उलटतं.

मे महिन्याच्या उन्हात बाबा तारीख पाळतील? बीपीची गोळी तर रोज विसरतात!

लेझरच घेतलं. हनुवटी टेकवलेली, हिरवा लखलखाट, "काका, हलू नका." स्कूटरची चावी आता माझ्या खिशात असते.