एरर १९०: पेज टोकन ठेवावं की सिस्टिम युजरकडे जावं?

फेसबुक पेजवर आपोआप पोस्ट टाकणारी स्क्रिप्ट दीड-दोन महिने बिनबोभाट चालते आणि एके सकाळी फेसबुककडून एरर कोड १९० येतो, म्हणजे स्क्रिप्टचं टोकन (पेजवर काम करू देणारी डिजिटल चावी) चालेनासं होतं. मग ग्राफ एपीआय एक्सप्लोरर या फेसबुकच्या चाचणी-साधनामधून नवं टोकन काढून चिकटवायचं, की तासाभरात पुन्हा तेच. तिथलं साधं युजर टोकन जेमतेम एक-दोन तास टिकतं.

दुसरं टोकन काढण्याआधी त्या एररमधला सबकोड, म्हणजे नेमकं कारण सांगणारा आकडा, वाचा. ४६३ म्हणजे मुदत संपली. ४६० म्हणजे टोकन ज्याच्या नावावर आहे त्याने पासवर्ड बदलला. ४५८ म्हणजे त्याने अ‍ॅपच (ज्यातून स्क्रिप्ट फेसबुकशी बोलते ते) काढून टाकलं. ४९२ म्हणजे पेजवरची त्याची भूमिका गेली. चारांतली तीन कारणं माणसाची आहेत, कोडची नव्हेत. निवड करताना हेच बघायचं.

फक्त ४६३ येत असेल, तर पेज टोकन, म्हणजे युजरऐवजी पेजच्या नावाने काम करणारं टोकन, पुरे. पण क्रम चुकू नये: आधी छोटं युजर टोकन अ‍ॅप सीक्रेट (अ‍ॅपची गुप्त किल्ली) वापरून साधारण ६० दिवसांच्या टोकनमध्ये बदलून घ्यायचं, आणि मग त्यावरून पेजचं टोकन मागायचं. अशा पेज टोकनला मुदतीची तारीख नसते; टोकन डीबगर या फेसबुकच्या तपासणी-साधनात टाकलं की खात्री होते. छोट्या टोकनवरून घाईने काढलेलं पेज टोकन मात्र त्याच्यासारखंच अल्पायुषी निघतं. आणि माझ्या मते दर दोन महिन्यांनी रडणाऱ्या स्क्रिप्टांपैकी बऱ्याच ६० दिवसांच्या युजर टोकनवरच थांबलेल्या असतात, पेज टोकनपर्यंत पोचलेल्याच नसतात.

पण तारीख नाही म्हणजे अमर नाही. गणेशोत्सव मंडळाचं पेज घ्या. टोकन गेल्या वर्षीच्या सेक्रेटरीच्या खात्यावरून काढलेलं; नवी कार्यकारिणी आली, त्यांना पेजवरून काढलं, आणि ऐन उत्सवात आरतीच्या वेळांची पोस्ट अडली. कोणाचीच चूक नाही, तरी पोस्ट अडली ती अडलीच.

अशा ठिकाणी सिस्टिम युजर बरा. बिझनेस मॅनेजर या फेसबुकच्या संस्थांसाठीच्या व्यवस्थापन-साधनातलं हे खातं कोणा माणसाचं नसतं, त्यामुळे ना पासवर्ड बदलण्याची भानगड, ना सेक्रेटरी बदलण्याची. टोकन ६० दिवसांचं किंवा बिनमुदतीचं घेता येतं. सुरुवातीचा व्याप मात्र जास्त: बिझनेस खातं उघडा, पेज आणि अ‍ॅप त्यात आणा, दोन्ही त्या सिस्टिम युजरला नेमून द्या. पेज नेमून द्यायचं राहिलं, तर १९० ऐवजी बहुधा १० किंवा २०० येतो. हे परवानगीचे कोड. त्याच परवानग्यांनी टोकन दहादा काढलं तरी फरक पडत नाही. आणि बिनमुदतीचं टोकन गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चुकून गेलं, तर ते स्वतःहून मरणारही नाही. म्हणून अ‍ॅप सेटिंगमध्ये अ‍ॅप सीक्रेटचा पुरावा (टोकनसोबत पाठवायची, सीक्रेटवरून काढलेली खूण) सक्तीचा करून ठेवा, म्हणजे नुसत्या टोकनावर कोणाला काही करता येत नाही.

एकट्याचं पेज, एकट्याची स्क्रिप्ट असेल तर मी पेज टोकनच घेईन. बिझनेस मॅनेजरचे स्क्रीन पालथे घालण्यात अख्खी दुपार जाते. संस्था, मंडळ, दुकान, जिथे माणसं येतात-जातात, तिथे ती दुपार घालवावी. दहा ग्राहकांची पेजं सांभाळत असाल, तर ज्या पेजचा ताबा ग्राहकाने तुमच्या बिझनेस खात्याशी वाटून घेतला आहे, तेवढ्यापुरताच सिस्टिम युजर चालतो. बाकीच्यांकडून फेसबुक लॉगिननेच संमती घ्यावी लागेल, आणि ४६० ची तयारीही ठेवावी लागेल.