घरी बांधलेलं आरव्ही-९ए : नऊ महिने, ९६ तास

मे महिन्यात आमच्या घरी बांधलेल्या विमानाला उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर नऊ महिन्यांत ९६ तास उडवलं. आता बोलावं इतपत अनुभव गाठीशी आलाय, म्हणून लिहितोय.

विमान व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-९ए. दोघं शेजारी-शेजारी बसतात, पुढे नाकाखाली एक चाक, इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं. बांधलं ओहायोत, डेटनजवळच्या घराच्या गॅरेजमध्ये. साधं किट, म्हणजे जुळवून बांधायचे सुटे भाग, घेतलं होतं. साडेसहा वर्षं लागली, माझ्या वहीत २,१४० तासांची नोंद आहे. इंजिन आणि उपकरणं धरून खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास गेला. माझं मत आधीच सांगतो. उडायची हौस असेल तर जुनं सेस्ना घ्या आणि येत्या शनिवारी उडा. पत्र्याला हात लावल्याशिवाय चैन पडत नसेल, तरच या वाटेला या.

कारण बांधणीतला निम्मा वेळ बर काढण्यात जातो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडलं की कडेला बारीक बर उरते. ती तशीच राहिली तर पुढे तिथूनच तडा जातो. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं आणि पत्र्याच्या कडा कानशीने गुळगुळीत करायच्या. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर फिटर होते. पहिला रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) तयार होत होता तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "बर नीट काढलास न्हवं?" मी पत्रा कॅमेऱ्यासमोर धरला. ते म्हणाले, "मला काय दाखवतोस? डोळ्यानं न्हवं, बोटानं बघ." ते वाक्य मी साडेसहा वर्षं पाळलं.

रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारायला दोन माणसं लागतात. मी बाहेरून गन धरायचो, बायको पंखाच्या आत हात घालून मागून लोखंडी ठोकळा धरायची. ठोकळा नीट बसला की ती "हं" म्हणायची, मग मी ट्रिगर दाबायचा. नंतर आतलं डोकं गेजने मोजायचं : रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट, उंची निम्मी. नाही जमलं तर ड्रिलने काढून पुन्हा. असे हजारो रिव्हेट आहेत आणि डाव्या पंखातले बहुतेक तिच्या "हं"वर बसलेत.

प्रमाणपत्राची भीती लोकांना विनाकारण जास्त वाटते. अमेरिकेत अट एवढीच, की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर स्वतः बांधलेला असावा. याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ग्रीन कार्डवर असलेल्यालाही विमान स्वतःच्या नावावर नोंदवता येतं, हे आपल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तपासणीला एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) माणूस येतो किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी, ज्याला डीएआर म्हणतात. तो फी घेतो. आमच्याकडे डीएआर आले. त्यांनी विमानाकडे बघायच्या आधी माझी वही आणि फोटो मागितले. माझ्याकडे तारखेसह तीन हजारांवर फोटो होते. ज्यांनी नुकतं किट घेतलंय त्यांना कळकळीने सांगतो, रोज निदान एक फोटो असा काढा, ज्यात काम करताना तुम्ही स्वतः दिसता.

मग सगळी झाकणं उघडून तीन तास तपासणी. स्टिक डावीकडे केली की कुठला एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती पट्टी) वर जातो, वजन कसं केलं, दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द निदान दोन इंच उंच अक्षरांत आहे का, विमानाच्या ओळखीची, आगीत न वितळणारी पाटी लावलीय का. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या) रॉडवरच्या एका चेकनटला रंगाची खूण नव्हती. नट घट्टच होता, पण घट्ट केल्यानंतर मारायची ती खूण माझ्याकडून राहिली होती. मी त्यांच्यासमोर पाना लावला, खूण केली, मगच ते पुढे सरकले. त्यांचं ते थांबणं मला फार आवडलं. नोंदणीच्या कागदावर निर्माता म्हणून कंपनीचं नाही, माझं आडनाव आहे. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो कागद छापून घेऊन बाहेरच्या खोलीत लावलाय.

प्रमाणपत्रानंतर चाचणी उड्डाणं, ठरवून दिलेल्या भागातच. त्या काळात प्रवासी न्यायचा नाही. इंजिन आणि पुढचा प्रोपेलर प्रमाणित जोडीचे असले की २५ तास, नाहीतर ४०. मी एका मॅग्नेटोच्या (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं, म्हणून ४०. तेव्हा पंधरा तास जास्त म्हणून हळहळलो. आता वाटतं, बरं झालं. जुलैच्या उन्हात चढाई करताना तीन नंबरचा सिलिंडर ४३० अंश फॅरनहाइटला जायचा. बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) रबरी पट्ट्या एका कोपऱ्यात मागे दुमडत होत्या, हवा सिलिंडरवरून न जाता तिथून निसटत होती. पट्ट्या बदलल्या, फटी सिलिकॉनने बुजवल्या, सदतिसाव्या तासाला आकडा ३९० वर आला. थंडीत उलटं झालं. तेल तापेना, म्हणून ऑइल कूलरचा काही भाग टेपने झाकून उडतोय.

सगळ्यात मोठी धडकी विसाव्या तासाच्या सुमारास भरली. हँगरमध्ये डाव्या पंखाखाली वाकलो तर एका रिव्हेटभोवती निळा डाग, आठ आण्याच्या नाण्याएवढा. इथलं विमानाचं पेट्रोल रंगाने निळं असतं. म्हणजे टाकी पाझरत होती. टाकी पंखाच्या पुढच्या कडेतच असते आणि आतून दुर्गंधीच्या काळ्या सीलंटने बुजवलेली असते. बांधताना फुगा लावून, साबणाचं पाणी फिरवून तपासली होती, तेव्हा बुडबुडा आला नव्हता. टाकी उतरवली, मागून भोक कापून आत हात घातला, त्या रिव्हेटच्या डोक्यावर पुन्हा सीलंट चढवला, भोकावर झाकण बसवलं. दोन आठवडे गेले. ज्याने विमान विकत घेतलंय त्याला यासाठी मेकॅनिक शोधत बसावं लागलं असतं. मला तो रिव्हेट कोणत्या रविवारी मारला तेही वहीत सापडलं.

बाकी उडायला विमान गोड आहे. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) पूर्ण खाली असताना ४४ नॉटला (ताशी सुमारे ८१ किलोमीटर) स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, तेही आधी थरथरून सांगतं. ताशी आठ गॅलनमध्ये १५० नॉट मिळतात. गवतावर पुढचं चाक हलकं राहील अशी स्टिक मागे धरून ठेवायची, एवढं पथ्य पाळा. एकेचाळिसाव्या तासाला बायको पहिल्यांदा शेजारी बसली आणि तिने वाटभर पंखाच्याच रिव्हेटच्या ओळी बघितल्या.

पुण्यातले मित्र विचारतात, भारतात जमेल का? कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, तेही किटशिवाय, स्वतःच्या आराखड्यावर. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. माझ्या कामापेक्षा ते कितीतरी अवघड आहे.

रिपेअरमन प्रमाणपत्र, म्हणजे स्वतः बांधलेलं विमान तपासायचा परवाना, मला मिळालंय, त्यामुळे दर वर्षीची तपासणी माझी मीच करू शकतो. पहिली मे महिन्यात येतेय. यादी करून ठेवलीय आणि पहिल्या ओळीवर डावी टाकी आहे.