राजकीय ग्रुप काढताय? ‘सगळं चालतं’ की ‘हे चालणार नाही’

मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि शहरातल्या राजकीय व्हॉट्सॲप ग्रुपांना एकदम वजन आलं. विचारायला नगरसेवकच नव्हते. पाणी, कचरा, मेट्रोची खोदाई, नदीकाठाचं काम, सगळ्याची भांडणं लोक ग्रुपवरच करायला लागले. असा ग्रुप काढायच्या विचारात असलेले ओळखीचे लोक अजूनही मला एक प्रश्न हमखास विचारतात. एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल किंवा बाहेरगावच्या लोकांबद्दल कोणी सरसकट वाईट लिहिलं, तर ते राहू द्यायचं की काढायचं?

मी दोन्हीकडे वावरलो आहे. धनकवडी, कात्रज, कोंढवा या पट्ट्यातल्या एका ग्रुपमध्ये आईबहिणीवरून शिव्या वगळता काहीही चालायचं. दुसरा ग्रुप आम्ही काही जण मिळून चालवतो. तिथे माणसाच्या जन्मावरून केलेलं विधान दिसलं की ते काढतो आणि लिहिणाऱ्याला खासगीत कळवतो.

खुल्या ग्रुपची बाजू आधी मांडतो, कारण ती मनापासून घ्यावी अशी आहे. आपल्या शेजाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय चाललंय हे तिथे कळतं. सकाळी तळजाईवर फिरायला भेटणारे, अगदी मृदू बोलणारे काका आरक्षणाबद्दल काय मानतात ते मला तिथेच समजलं. निवडणुकीत काम करायचं असेल तर ही माहिती लागते. शिवाय बंदीचं हत्यार कोणाच्या हातात पडेल याचा भरवसा नसतो. २०१२ मध्ये मुंबई बंद असताना त्या बंदबद्दल एकीने साधी शंका फेसबुकवर लिहिली आणि दुसरीने ती लाईक केली, म्हणून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ‘६६ अ’ कलमाखाली असले गुन्हे दाखल व्हायचे, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. एखादा विचार मांडणं, अगदी तो हिरिरीने पटवून देणंसुद्धा वेगळं आणि चिथावणी वेगळी, असं न्यायालयाने तेव्हा स्पष्ट सांगितलं. ‘काढून टाका’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आठवावं, मीही आठवतो.

तरीही त्या खुल्या ग्रुपमध्ये माझं मन रमेनासं झालं. तिथल्या कडवट भाषेची एकवेळ सवय होते. मला खुपलं ते वेगळंच.

कोंढव्यात राहणाऱ्या एक शिक्षिका त्या ग्रुपवर होत्या. टँकरच्या पाण्याबद्दल त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. टँकर कुठे भरतो, कोणत्या सोसायटीला किती फेऱ्या होतात, उन्हाळ्यात भाव कसा चढतो, नवी लाईन कुठल्या चौकापर्यंत येऊन अडकली आहे, हे सगळं त्या नीट लिहायच्या. पण त्यांनी काहीही लिहिलं की चारदोन मेसेजच्या आत कोणीतरी ‘तुमची लोकसंख्या आधी आवरा’ असं टाकायचं. मग त्या उत्तर द्यायच्या, दुसरा तिसरंच काही काढायचा आणि संध्याकाळपर्यंत चर्चा फाळणीपर्यंत पोचलेली असायची. टँकर तिथेच राहायचा. कालांतराने त्यांनी लिहिणं बंद केलं. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, “दादा, पाण्याबद्दल लिहायला बसते आणि पाकिस्तानबद्दल उत्तर देऊन उठते. दर वेळी.”

माझा निर्णय तिथे झाला. पूर्वग्रह खुला सोडला की त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर पडते हे नीट बघा. बाकीचे ‘दोन्ही बाजू ऐकू’ म्हणून निवांत असतात आणि ज्या समाजाबद्दल बोललं जातंय त्यातली दोनतीन माणसं रोज स्वतःची सफाई देत बसतात. नोकरी, घर, मुलं सांभाळून कोण किती दिवस हे करेल? ती माणसं गेली की ग्रुप वरून तेवढाच खुला दिसतो, पण प्रश्नाची माहिती असलेला माणूस त्यात उरत नाही. परराज्यातून आलेल्या बांधकाम मजुरांबद्दल तर उत्तर देणारंही कोणी नव्हतं. त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहिलं जायचं आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं ठरून जायचं.

नियमवाल्या ग्रुपमध्येही त्रास आहे आणि तो बराच आहे. रेघ कुठे ओढायची यावर अॅडमिन लोकांतच वाद होतात. आमची ढोबळ कसोटी अशी: पक्ष, नेता, कायदा, धोरण, रूढी, धर्मातली एखादी प्रथा यांवर हवी तेवढी टीका करा. ‘अमुक लोक असेच असतात’ हे चालणार नाही. आरक्षणाचं धोरण चुकलंय असं कोणी लिहिलं तर ते राहतं. ‘कोट्यातून आलेल्या डॉक्टरकडे कोण जाणार’ हे निघतं. उलट दिशेनेही हाच हिशोब. ‘साडेतीन टक्के’ म्हणून एका जातीला टोमणे मारणारे आमच्याकडे होते, त्यांनाही तेच कळवलं. ते नाराज झाले, एकदोघं सोडून गेले. हा नियम एकाच बाजूला लावला असता तर ग्रुप आठवडाभरही टिकला नसता.

अशा नियमाने समाजातल्या वाईट चालींवर बोलणंच बंद होईल, अशी भीती मला बऱ्याच जणांनी बोलून दाखवली. माझा अनुभव उलटा आहे. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध उभं राहून मोहीम चालवली आणि जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. या विषयावर आमच्या ग्रुपमध्ये दोन रात्री कडाक्याची चर्चा झाली, पंचांना कोणी सोडलं नाही. तोच विषय खुल्या ग्रुपवर निघाला तेव्हा तिसऱ्याच मेसेजला ‘ही जमातच तसली’ आलं आणि विषय संपला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांच्यापैकी हा समाज. आतून सुधारणा करू पाहणाऱ्या पोरांना तिथे पाठिंबा सोडाच, एक शिवी जास्तीची मिळाली.

कायद्याचं म्हणाल तर घाबरून कोणताच पर्याय निवडू नका. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. गटागटांत तेढ वाढवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत १९६ वं कलम आहे, पण ते फार पुढच्या पायरीवर लागू होतं. कोंढव्याच्या बाई त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीवर गप्प झाल्या होत्या.

मात्र पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, हे पुण्याने पाहिलंय. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या एका तरुण मुस्लिम मुलाला जमावाने मारून टाकलं. निमित्त फेसबुकवर फिरणाऱ्या विटंबनेच्या चित्रांचं होतं. त्याचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. ग्रुपवरचा प्रत्येक शेरा तिथवर जातो असं मी म्हणत नाही. पण ‘ते सगळे सारखेच’ हे वाक्य रोज वाचून अंगवळणी पाडायला माझं मन धजत नाही.

तर, तुमचा हेतू लोकांचा कल ओळखण्याचा असेल, प्रचाराचं काम असेल, तर खुल्या ग्रुपमध्ये जरूर राहा आणि ऐका. नवा काढू नका, तसे भरपूर आहेत. एखादा प्रश्न धसास लावायचा असेल, पाण्याचा, बसचा, शाळेचा, तर माझ्या मते नियमवालाच काढा. नियम पहिल्या दिवशी ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. मागाहून घातलेला नियम कोणाला तरी नेम धरून केल्यासारखा दिसतो आणि तसं वाटणाऱ्याची समजूत घालता येत नाही. अॅडमिन एकाच जातीचे, एकाच पक्षाचे घेऊ नका. मेसेज काढला तर का काढला ते त्याच दिवशी फोन करून सांगा, लिहून नको. फोनवर निम्मी माणसं ऐकून घेतात, आणि लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर जातो.